नव्या रॅकेटची पारख : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात टेनिसच्या साधनाचा इतिहास

प्रस्तावना

टेनिसच्या इतिहासावरील लेखन हे बहुतांशी खेळाडूंचा आणि स्पर्धांचा इतिहास असते. ज्या साधनाने हा खेळ खेळला जातो त्या रॅकेटचा विचार झालाच, तर तो शोधांच्या क्रमवारीच्या स्वरूपात होतो. लाकूड गेले, धातू आला, धातू गेला आणि ग्राफाइट आले, एवढ्यावर तो आटोपतो. परंतु दुकानात उभ्या असलेल्या माणसाला पडणारा प्रश्न याहून वेगळा असतो. हातात घेतलेली ही नवी रॅकेट आपल्या हाताला कशी खेळेल, हे त्याला जाणून घ्यायचे असते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या रीतीलाही इतिहास आहे आणि तो साधनाच्या इतिहासाइतकाच बदलत गेलेला आहे. रॅकेट 'करून पाहणे' ही आज सहज वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात बरीच अलीकडची आहे, आणि ती सर्वांच्या वाट्याला कधीच आलेली नाही, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

त्यासाठी रायगडचा किनारा निवडण्यामागे दोन कारणे आहेत. रेवस-मांडव्यापासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंतची ही पट्टी मुंबईच्या समोर, पण खाडीपलीकडे आहे. मुंबईत उतरलेली विलायती वस्तू येथे पोहोचे, मात्र तिची दुरुस्ती करणारा कारागीर मुंबईतच राही. दुसरे कारण हवेचे आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि वर्षभर खारट दमट वारा असलेल्या या प्रदेशात लाकडाची आणि तातेची जशी परीक्षा होते, तशी ती कोरड्या प्रदेशात होत नाही. (१ जानेवारी १९८१ पूर्वी हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. जुन्या काळाविषयीच्या विवेचनात तेच नाव वापरले आहे.)

लाकूड, तात आणि पावसाळा

मेजर वॉल्टर विंगफिल्ड याने १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. ती जिंकणारा स्पेन्सर गोर हा मूळचा रॅकेट्स या भिंतीवर खेळल्या जाणाऱ्या खेळाचा खेळाडू होता. पुढच्याच वर्षीचा विजेता फ्रँक हॅडो हा सिलोनमधील मळेवाला, सुटीवर मायदेशी आलेला. साम्राज्याच्या वसाहतींतून माणसे, खेळ आणि साधने यांची ये-जा किती सहज होती, हे यावरून ध्यानात येते. याच दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये बॅडमिंटन रूढ होऊन त्याचे नियम आकाराला येत होते. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टर, न्यायाधीश, सर्जन आणि अभियंता जमले की संध्याकाळी टेनिस मांडण्याची पद्धत मुंबई इलाख्यात पुढे सर्वत्र रुळली.

त्या काळची रॅकेट 'अ‍ॅश' जातीच्या लाकडाची एकच पट्टी वाफेवर वाकवून तयार केली जाई. १९३० च्या सुमारास पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून चौकट बांधण्याची रीत प्रचारात आली. १९३१ मध्ये बाजारात आलेली डनलॉप कंपनीची 'मॅक्सप्लाय' हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. वजन साधारण पावणेचारशे ते चारशे ग्रॅम आणि जाळीचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस इंच. ही मापे दीर्घकाळ फारशी बदलली नाहीत. तरीही एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन रॅकेट सारख्या नसत, कारण लाकडाचा दाणा सारखा नसतो. एकीचा तोल जाळीकडे झुकलेला, तर दुसरीचा मुठीकडे. एक चौकट ताठ, तर दुसरी किंचित लवणारी. त्यामुळे त्या काळात पारख होत असे ती विशिष्ट नगाची. जाणता खेळाडू दुकानात दहा-बारा रॅकेट समोर मांडून घेई. प्रत्येकीचा दांडा बोटावर आडवा ठेवून तोल पाही, चौकट एका डोळ्याने कडेवरून न्याहाळून ती पिळवटलेली नाही ना याची खात्री करी, आणि जाळीवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐके. सुतार फळी निवडतो किंवा वादक तंबोऱ्याचा भोपळा निवडतो, त्याच जातीची ही पारख होती. बारांतून एक निवडली, की उरलेल्या अकरांविषयीचे त्याचे मत निरुपयोगी ठरे.

जाळी तातेची असे. जनावरांच्या आतड्यापासून केलेली ही तात मराठी माणसाला पिंजाऱ्याच्या धनुकलीमुळे परिचित होती. टेनिसच्या रॅकेटसाठीची तात अधिक बारीक आणि कसून पीळ दिलेली एवढाच फरक. चेंडूला तिने दिलेली साथ आजही कृत्रिम तारांना पूर्णपणे साधलेली नाही असे खेळाडू मानतात. परंतु तात पाणी शोषते. दमट हवेत ती फुगते, तिचे पदर सुटू लागतात, ताण उतरतो आणि अखेर ती तुटते. लाकडाचेही तेच. चौकटीवर जाळीचा ताण सतत असतो, ओल शिरली की ती वाकडी होते. म्हणून खेळ संपल्यावर रॅकेट दोन लाकडी चौकटींमध्ये घालून चारी कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवीत. जुन्या घरांतील माळ्यावर आजही सापडणारी आणि नव्या पिढीला उलगडा न होणारी ती 'प्रेस' हीच होय.

कोकणातील पावसाळा येथे निर्णायक ठरतो. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर खेळ होतच नाही. मुरुमाचे मैदान चिखल होते आणि पाऊस ओसरल्यावर ते पुन्हा दाबून घ्यावे लागते. म्हणजे रॅकेटची खरी कसोटी मैदानावर लागण्याऐवजी कपाटात लागत असे. जानेवारीत हाताला अचूक वाटलेली रॅकेट दिवाळीनंतर बाहेर काढली की तीच राहिलेली नसे. विलायतेत बसून दिलेला कोणताही अभिप्राय इतक्या वेगाने शिळा होण्याची शक्यता फार थोड्या प्रदेशांत असेल. तात बदलायची तर मुंबई गाठणे भाग. धोबी तलावाच्या परिसरात क्रीडासाहित्याची दुकाने आहेत आणि आजही किनाऱ्यावरचे खेळाडू तेथेच जातात. मात्र ज्या महिन्यांत ताता तुटत, त्याच महिन्यांत समुद्र खवळलेला असे.

जंजिरा आणि फैझी घराणे

कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिणेस जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान होते. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या पत्नी नाझली बेगम या फैझी घराण्यातील. त्यांच्या भगिनी अतिया फैझी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि त्यांनी तेथील वास्तव्याची रोजनिशी उर्दूत प्रसिद्ध केली. १९०८ मध्ये नवाब, बेगम आणि अतिया यांनी युरोपचा प्रवास केला. त्यावरील नाझली बेगमांचे प्रवासवर्णनही उपलब्ध आहे. या घराण्याचे मुंबईतील तय्यबजी कुटुंबाशी जवळचे नाते होते. तय्यबजींच्या परिवाराचा अलिबागजवळच्या किहीमशी असलेला संबंध पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्यामुळे सर्वश्रुत आहे. १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास किहीमलाच झाला.

याच फैझी घराण्यातील अथर अली फैझी हे १९२१ मध्ये डेव्हिस करंडक स्पर्धेत प्रथमच उतरलेल्या भारतीय संघात होते. मोहम्मद सलीम, सिडनी जेकब आणि लुईस डीन हे त्यांचे सहकारी. पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवून हा संघ शिकागोला गेला आणि तेथे जपानकडून पराभूत झाला. १९२६ मध्ये लंडनला झालेल्या पहिल्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेतील भारतीय संघातही फैझी नावाचे खेळाडू आढळतात. जंजिऱ्याच्या राजवाड्याशी आप्तसंबंध असलेल्या घराण्याने भारतीय टेनिसच्या आरंभकाळात बजावलेली ही कामगिरी रायगडच्या स्थानिक इतिहासलेखनात जवळजवळ अनुल्लेखित राहिली आहे. किल्ल्याच्या अजिंक्यपणापलीकडे मुरूडकडे पाहण्याची सवय आपल्या इतिहासलेखनाला कमीच आहे.

साधनाच्या दृष्टीने त्या १९२१ च्या सामन्यांतील प्रतिस्पर्धी अधिक उद्बोधक आहेत. जपानकडून खेळलेले झेन्झो शिमिझू हे व्यापारी कंपनीच्या नोकरीनिमित्त कलकत्त्यात राहिलेले आणि तेथील स्पर्धांत चमकलेले. १९२० च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणारे इचिया कुमागाई हे त्यांचे सहकारी. जपानमध्ये आयात केलेले चेंडू महाग पडत, म्हणून तेथे मऊ रबरी चेंडूवर टेनिस खेळले जाई आणि कुमागाई त्या खेळातून वर आले होते. हलक्या चेंडूला वरून गुंडाळून मारण्यासाठी त्यांची मूठ दांड्याखाली सरकलेली होती. युरोपीय प्रेक्षकांना विचित्र वाटणारी ही पकड मुळात टंचाईतून जन्मली होती. साधन हाताप्रमाणे निवडावे हे तत्त्व सर्वत्र सांगितले जाते. जेथे निवडीला वाव नसतो तेथे हातच साधनाप्रमाणे घडतो. कुमागाईंचे उदाहरण याचा पुरावा आहे, आणि किनाऱ्यावरील बहुसंख्य खेळाडूंची स्थिती फैझींपेक्षा कुमागाईंना जवळची होती. ज्यांना लंडनच्या दुकानात डझनभर रॅकेट हाताळता येत, अशी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकीच होती. इतरांना मिळे ती साहेबाने बदलीच्या वेळी मागे ठेवलेली, किंवा थोरल्या भावाची.

तुलनेची एक स्थानिक पद्धती

नवे साधन जुन्यापेक्षा बरे की वाईट हे कसे ठरवावे, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर याच किनाऱ्यावर, वेगळ्या क्षेत्रात, फार पूर्वी दिले गेले होते. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा कुलाबा येथील वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी ते काम १९०४ मध्ये अलिबागला आणले. चुंबकीय गुणधर्म असलेले कोणतेही साहित्य न वापरता तेथील इमारत उभारण्यात आली. परंतु जुने ठिकाण एकदम बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला गेला, आणि मगच अलिबागच्या नोंदींवर विसंबण्यास सुरुवात झाली.

रॅकेटच्या चाचणीशी याचा संबंध ओढूनताणून लावलेला वाटण्याचा संभव आहे. तथापि त्यातील तत्त्व तेच आहे. जुने आणि नवे एकाच वेळी, एकाच परिस्थितीत, पुरेसा काळ वापरल्याखेरीज फरक कशाचा आहे हे कळत नाही. नव्या रॅकेटने पहिल्या संध्याकाळी चांगले खेळलेला माणूस रॅकेटचे कौतुक करतो. वस्तुतः त्यात नव्या तारांचा, नव्या मुठीचा, वाऱ्याचा आणि उत्साहाचा वाटा किती होता, हे त्याला वेगळे काढता येत नाही. जुन्या रॅकेटला त्याच दिवशी नव्या तारा घालून पाहिले असते तर कदाचित तेच कौतुक तिच्याही वाट्याला आले असते.

स्वातंत्र्यानंतरची निवड

फाळणीपूर्वी हिंदुस्थानातील क्रीडासाहित्याचे प्रमुख केंद्र सियालकोट होते. १९४७ नंतर तेथील अनेक कारागीर आणि व्यापारी जालंधर आणि मेरठ येथे स्थिरावले व तेथील रॅकेट देशभर जाऊ लागल्या. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध होते. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर ते सैल होत गेले आणि १ एप्रिल २००१ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंवरील उरलेले परिमाणात्मक निर्बंध उठविण्यात आले. या मधल्या चार-साडेचार दशकांत सामान्य भारतीय खेळाडूपुढे निवड अशी फारशी नव्हतीच. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीतून आलेली रॅकेट ही प्रतिष्ठेची वस्तू होती. तिच्याविषयी मत बनविण्याचे धाडस तिच्या मालकालाही होत नसे. चांगली असणारच, हे गृहीत असे.

किनाऱ्यावर या काळात एक बदल मात्र हिताचा झाला, तो नायलॉनच्या तारांचा. त्या तातेसारख्या सजीव नसतात अशी तक्रार होती आणि ती खरी होती. पण त्या पावसाळ्यात टिकत. अलिबागच्या खेळाडूने तात सोडून नायलॉन स्वीकारले, ते खेळाच्या गुणवत्तेपेक्षा हवामान आणि खिसा यांचा विचार करून. सामग्रीच्या इतिहासात याला अधोगती म्हटले जाते. स्थानिक इतिहासात तिला शहाणपण म्हणावे लागेल. पुढे १९८० च्या दशकात थळ येथील खत प्रकल्प आणि त्यानंतर नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प यांच्यामुळे बाहेरून आलेला नोकरदार वर्ग जिल्ह्यात वसला, आणि निरनिराळ्या शहरांत खेळून आलेल्या हातांची व रॅकेटची येथे प्रथमच सरमिसळ होऊ शकली.

साच्यातील रॅकेट आणि आकड्यांची भाषा

रने लाकोस्त यांच्या कल्पनेवर आधारलेली पोलादी नळीची रॅकेट १९६७ मध्ये विल्सन कंपनीने 'टी-२०००' या नावाने आणली. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांनी मोठ्या जाळीच्या रॅकेटचे पेटंट मिळविले. तिचे क्षेत्रफळ ११० चौरस इंचांच्या घरात होते. लोक हसले. १९७८ मध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तीच रॅकेट घेऊन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली तेव्हा हसणे थांबले.

दरम्यान १९७७ मध्ये एक विलक्षण प्रकरण घडले. व्हेर्नर फिशर या जर्मन गृहस्थाने दुहेरी जाळीची, तारांवर नळ्या चढविलेली रॅकेट बनविली. तिला 'स्पॅगेटी' म्हणत. तिच्यावरून सुटलेला चेंडू अकल्पित फिरे. त्या वर्षी फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे इली नस्तासेने ती वापरली आणि मातीच्या मैदानावर पन्नासहून अधिक सामने सलग जिंकलेला गिलेर्मो व्हिलास सामना अर्धवट सोडून निघून गेला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने या रॅकेटवर बंदी घातली आणि १९७८ मध्ये रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या नियमात प्रथमच समाविष्ट झाली. विम्बल्डनच्या पहिल्या स्पर्धेपासून शंभर वर्षे चेंडूचे, जाळ्याचे, मैदानाचे नियम होते, रॅकेटचा मात्र नव्हता! ती कशी असावी हा प्रश्न इतकी वर्षे केवळ हाताच्या समजुतीवर सोडलेला होता.

खरा बदल ग्राफाइटने केला. १९८० नंतर कार्बनचे धागे राळेत बसवून साच्यात घडविलेल्या चौकटी रूढ झाल्या. १९८३ मध्ये यानिक नोआने लाकडी रॅकेटने फ्रेंच स्पर्धा जिंकली. मोठ्या स्पर्धेतील पुरुष एकेरीचे लाकडी रॅकेटने मिळविलेले ते अखेरचे विजेतेपद होय. १९९१ मध्ये ब्यॉन बोर्ग लाकडी रॅकेट घेऊन माँटे कार्लोत परतला आणि पहिल्याच फेरीत हरला. साच्यातून निघालेल्या दोन रॅकेट लाकडाच्या मानाने पुष्कळच सारख्या असतात. त्यामुळे पारख नगाची न राहता नमुन्याची झाली. दुकानदाराने एक रॅकेट चाचणीसाठी ठेवावी, ती चार जणांनी आठवडाभर खेळून पाहावी, आणि मग तशीच दुसरी विकत घ्यावी, ही पद्धत केवळ या सारखेपणामुळे शक्य झाली. 'मी ही रॅकेट खेळून पाहिली' हे वाक्य दुसऱ्याच्या उपयोगी पडावे ही परिस्थिती इतिहासात प्रथमच निर्माण झाली.

त्याच सुमारास भाषाही बदलली. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी १९७९ पासून रॅकेटच्या भौतिकीवर लेखन केले. 'गोड जागा' म्हणून खेळाडू ज्याचा उल्लेख करतात ते एक ठिकाण नसून तीन वेगवेगळे बिंदू आहेत, हे त्यांनी दाखविले : जेथे चेंडू लागला असता चौकट कंप पावत नाही तो, जेथे लागला असता मुठीला धक्का बसत नाही तो, आणि जेथून चेंडू सर्वाधिक वेगाने परततो तो. हाताला जे एकच सुख म्हणून जाणवते त्याचे विश्लेषण असे तीन भागांत होते. आता वजन, तोल, ताठरपणा आणि फिरविताना जाणवणारे जडत्व यांचे आकडे छापून येतात. ही प्रगती आहे. पण आकडा चौकटीचा असतो, आणि खेळतात त्या तारा. सुमारे २४ किलोच्या ताणाने बांधलेली तार काही दिवसांतच सैल पडू लागते, हे चौकटीवरील छापील मजकुरात सापडत नाही. शिवाय नामांकित खेळाडू पुष्कळदा जुन्याच चौकटीवर नव्या नमुन्याचा रंग चढवून खेळतात, ही बाब जाहिरात पाहणाऱ्यांनी लक्षात घेणे बरे.

चाचणीची मर्यादा सर्वोच्च पातळीवरही दिसते. रॉजर फेडररने २०१३ च्या विम्बल्डननंतर हॅम्बर्ग आणि ग्श्टाड येथे मोठ्या जाळीची रॅकेट वापरून पाहिली. दोन्हीकडे तो हरला, पाठही दुखत होती, आणि तो ९० चौरस इंचांच्या आपल्या जुन्या रॅकेटकडे परतला. पुढील वर्षारंभी त्याने ९७ चौरस इंचांची रॅकेट स्वीकारली आणि कायम ठेवली. दोन पराभवांनी दिलेला निकाल त्याने अंतिम मानला नाही. दोष रॅकेटचा, पाठीचा की मातीच्या मैदानाचा, हे त्या दोन आठवड्यांत ठरणे शक्य नव्हते.

किनाऱ्यावरील आजची चाचणी

ग्राफाइटला ओल बाधत नाही, त्यामुळे प्रेस गेली आणि कपाटातील कसोटीही संपली, असे वरवर वाटते. वास्तवात हवामानाचा प्रश्न चौकटीतून मुठीत सरकला आहे. एप्रिल-मेच्या दमट संध्याकाळी घामाने निसटणारी मूठ हा रायगड किनाऱ्यावर रॅकेट नापसंत होण्याचा मोठा भाग असतो. पातळ पट्टी गुंडाळून मूठ जाड केली की जडत्व तेच राहूनही तोल मुठीकडे सरकतो आणि तीच रॅकेट हलकी भासते. वातानुकूलित दुकानात कोरड्या हाताने घेतलेला निर्णय म्हणूनच येथे फसवा ठरतो. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाल्यापासून तारा बांधून आणणे सोपे झाले आहे. एवढ्या एका सोयीने येथील खेळावर होणारा परिणाम नव्या चौकटीच्या खरेदीपेक्षा अधिक असू शकेल.

महाविद्यालयीन जिमखान्यांची स्थिती या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात आयुष्यातील पहिली रॅकेट बहुधा जिमखान्याचीच येते. तिची निवड मात्र खेळणाऱ्या हाताने केलेली नसते. दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता होतो आणि किमान दर मंजूर होतो. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. दुकानात बांधून आलेल्या स्वस्त तारा वर्षानुवर्षे तशाच राहतात. विद्यार्थी चेंडू बाहेर मारतो, आणि त्याला सांगितले जाते की मनगट कच्चे आहे. कुमागाईंप्रमाणे एखादा हात त्या साधनाशी जुळवून घेतो, बाकीचे दोन महिन्यांत मैदान सोडतात. तक्त्यात कंपनीचे नाव, वजन, नग आणि दर असे रकाने असतात. तोल, मुठीचा घेर आणि तारांचा ताण यांच्यासाठी रकाना नसतो.